घर बंद, घरपण चालू

डॉ. सुहास गोरक्षकरांनी उभं आयुष्य खेड्यांवर लिहिण्यात घालवलं आणि खेड्यात एक रात्र काढली नाही. याची लाज वाटायची तर दूरच, ते त्याचा टेंभा मिरवत. “गावात गेलं की अपवाद भेटतात,” ते म्हणत, “समाज भेटतो तो तक्त्यात.” पुण्यातल्या त्या समाजशास्त्र संस्थेच्या थंडगार खोलीत बसून ते असली वाक्यं सोडत आणि समोरची मंडळी माना डोलवत.

विनता पाताडे मान डोलवणाऱ्यांतली नव्हती. ती मनातल्या मनात त्यांना अस्सल मालवणी शिवी हासडायची आणि तोंडाने “हो सर” म्हणायची. फरक काय तो एवढाच. कित्येक वर्षं ती तिथे कंत्राटावर राबत होती, आणि दर जूनमध्ये आपल्याला ठेवतात की हाकलतात या विवंचनेने तिचं डोकं उठायचं. यंदा एक कायम जागा भरायची होती. ज्याचा निबंध मोठ्या नियतकालिकात छापून येईल त्याची शिफारस करू, असं गोरक्षकरांनी जाहीर केलं होतं. निबंधावर पहिलं नाव त्यांचं राहील हे सांगायची गरज नव्हती. ते त्या संस्थेतल्या शिपायालाही ठाऊक होतं.

विनताने विषय निवडला वेळशेत तालुक्याचा. तिचं गाव त्याच तालुक्यातलं, त्यामुळे वाड्यांची नावं तरी नीट लिहिता येतील असा हिशेब. चालू गणनेचे तिथले घरवार आकडे तिने मागवले, तक्ते मांडले, आणि तिसऱ्याच दिवशी ती खुर्चीत ताठ बसली. वेळशेत भरत होतं! कोकणातली घरं म्हणजे गणपतीत उघडणार आणि विसर्जनानंतर कुलूप, हे शाळकरी पोरालाही माहीत. पण इथे आकडे सांगत होते की गेल्या तीन वर्षांत शेकडो बंद घरं बारमाही उघडी झालीत, आणि त्यांत राहायला आलीत तरुण जोडपी, लहान मुलांसकट. मुंबईकडे गेलेला कोकणी माणूस गावी परतला होता.

आता ही चालू गणना म्हणजे काय ते सांगायला हवं. पूर्वी शाळामास्तर दारोदार फिरून घरात माणसं किती ते विचारायचे आणि लोक तोंडाला येईल ते सांगायचे. पुढे घरोघर नवे वीजमीटर बसले. हा मीटर नुसती युनिटं मोजत नाही. तारेतून येणाऱ्या प्रवाहाची लाट तो सेकंदाला हजारो वेळा टिपतो. घरातलं प्रत्येक उपकरण ती लाट आपापल्या परीने वाकवतं. मिक्सरची मोटर सुरू होताना एकदम हिसका मारते, गीझर एका पातळीवर प्रवाह ओढत राहतो, फ्रिज थांबत थांबत चालतो. या आकाराला म्हणत विद्युत-ठसा. हजारो खऱ्या कुटुंबांत आधी माणसं मोजून आणि मग त्यांचे ठसे टिपून संगणकाला शिकवलं होतं की कुठल्या ठशावरून काय ओळखायचं. गीझर कितीदा तापला यावरून आंघोळी, डब्याच्या वेळेला मिक्सर फिरला की नोकरदार माणूस, पहाटे दुधाची शेगडी आणि दिवसातून दोनदा धुलाईयंत्र म्हणजे घरात तान्हं मूल. दार न वाजवता घरातली माणसं कळू लागली. आणि खरं बोलायचं तर यंत्र हुशार होतं. खऱ्या घरात ते फारसं चुकत नसे.

फक्त ते घर खरं असायला हवं.

विनताचं घर खोटं होतं. म्हणजे पाताडेवाडीतलं तिच्या वडिलांचं घर, जे आईवडील गेल्यापासून बंदच होतं. सरकारने कायदा असा केला होता की चालू गणनेत सलग दोन वर्षं बंद दिसलेलं घर पर्यटन योजनेत भाडेपट्ट्याने जाईल. परक्या माणसांनी आपल्या देवघरात पोहण्याचे कपडे वाळत घालायचे, हे कुठल्या कोकण्याला सहन होणार? तिचा धाकटा भाऊ निनाद नालासोपाऱ्याला राहायचा. त्याने कुठूनशी एक पेटी आणली. डब्याएवढी, भिंतीतल्या सॉकेटला लावायची. तिच्यावर छापलं होतं, ‘घर बंद, घरपण चालू’. पेटीत ना मिक्सर ना गीझर, नुसत्या तापणाऱ्या तारा आणि एक चिप. एका खऱ्या कुटुंबाची वर्षभराची वीज तिच्यात भरून ठेवलेली. पेटी त्याच आकाराचा प्रवाह ओढायची, त्याची उष्णता करून टाकायची, आणि मीटरला वाटायचं की घरात नवरा, बायको आणि दोन पोरं नांदतायत.

विनताने भावाला फोनवर झाडलं होतं. “लाज नाही वाटत? मी लोकसंख्येचा अभ्यास करते आणि माझ्याच घरात ही चोरी?”

“मग काढून टाकू का पेटी?” निनाद म्हणाला.

त्यावर ती म्हणाली, “राहू दे आता लावलीच आहेस तर.”

निबंध लिहिताना मात्र तिने प्रामाणिकपणाची कमाल केली. आपलं ते एक घर तिने यादीतून काळजीपूर्वक वगळलं. त्या रात्री तिला फार शांत झोप लागली. एवढी शिकलेली बाई, पण तिला हा साधा प्रश्न पडला नाही की निनादने पेटी दुकानातून आणली तर त्या दुकानात आणखी पेट्या असतील, आणि त्या कोणीतरी विकत घेत असेल. आपण केली ती नाइलाजाची लबाडी आणि बाकीचा तालुका धुतल्या तांदळासारखा, असं मानायला डॉक्टरेटच लागते.

निबंध गाजला. कसा गाजणार नाही? गोरक्षकरांनी त्याला ‘परतीचं कोकण’ असं नाव दिलं. वाहिन्यांवर त्यांच्या मुलाखती झाल्या. समुद्राचं चित्र मागे लावून ते म्हणाले, “मी तिथली लाल माती हातात घेऊन सांगतो.” ती माती बहुधा संस्थेच्या कुंडीतली असावी. विनताचं नाव खाली बारीक अक्षरात आलं, पण आलं. कायम जागेची मुलाखत पुढच्या महिन्यात ठरली आणि गोरक्षकर तिला म्हणाले, “मुलाखत नुसती नावाला गं.”

सरकारलाही निबंध आवडला. म्हातारे कमी आणि पोरं जास्त, तर सोयीही तशाच हव्यात. वेळशेतात पाळणाघरं मंजूर झाली. आणि वाड्यावाड्यांतून फिरणारी दवाखान्याची गाडी, जी मुख्यतः म्हाताऱ्यांसाठी होती, ती दुसऱ्या तालुक्याला हलवली.

मग एक दिवस दाजीकाकांचा फोन आला.

दाजीकाका म्हणजे विनताच्या वडिलांचे चुलत भाऊ. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त, लग्न केलेलं नाही, तोंड फाटकं. पाताडेवाडीत वर्षाचे बारा महिने राहणारा तो एकमेव माणूस. साखर वाढलेली, पायाच्या अंगठ्याला जखम झालेली आणि ती भरता भरत नव्हती. गाडीबरोबर येणाऱ्या कदम सिस्टर आठवड्यातून दोनदा जखम धुऊन पट्टी बदलायच्या, इन्सुलिन द्यायच्या, शिव्या खायच्या आणि जायच्या.

“काय गो,” काका कडाडले, “दवाखान्याची गाडी बंद केल्यानी. ड्रायव्हर म्हणता, पुण्याच्या कोणीतरी लिवल्यान की हय आता म्हातारे नाय, बारकी पोरां आसत. खंय आसत ती पोरां? माका एक तरी दाखव!”

“काका, मी बघते काय झालंय ते.”

“बघतंस काय? ता लिवणारा तूच मां?”

विनता रात्रीच्या गाडीने निघाली आणि सकाळी पाताडेवाडीत उतरली. कित्येक वर्षांत ती गणपतीशिवाय तिथे आली नव्हती. वाडी सुनसान होती. एकेका घराला कुलूप, पडवीत सुक्या पानांचा ढीग, तुळशीत नुसत्या काड्या. पण प्रत्येक घराच्या मीटरवरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. वाटेच्या वळणावर नवंकोरं पाळणाघर उभं होतं. दारावर हत्ती आणि ससे रंगवलेले, समोर घसरगुंडी, आणि घसरगुंडीवर कोणाच्या तरी दोन शेळ्या उन्हाला बसलेल्या.

काका पडवीत बसले होते, पाय स्टुलावर. अंगठ्याला फाटक्या पंच्याची चिंधी गुंडाळलेली होती आणि तिला वास येत होता. विनताने पायाला हात लावला तसे ते ओरडले, “हात नको लावू, तू डॉक्टर नाय. तू नुसती नावाची डॉक्टर.”

तिने गप्पपणे पाणी तापवलं, जखम धुतली, तालुक्याहून आणलेली पट्टी बांधली. तिला जमत नव्हतं. काका कण्हत होते आणि मधूनमधून तिच्या शिक्षणाचा उद्धार करत होते. मग ती पडवीच्या कडेला बसली आणि समोरच्या बंद घराकडे बघत तिने विचारलं, “काका, या घरांत पण पेट्या आहेत?”

“आसत तर. सगळ्यांकडे. मीच लावलंय.”

“तुम्ही?”

“मग कोण, तुझो तो सर लावतलो? दुकानवालो येका पेटीमागे माका काय ता देता.” काकांना एकदम हसू आलं. “गंमत आयक. हरेक जण माका फोन करून काय सांगता म्हायत आसा? काका, आमच्या येकाच घराक लावतंव हां, वाडीत कोणाक सांगू नको. सगळे मेले एकाच माळेचे मणी, आणि हरेकाक वाटता आपणच तेवढो शाणो.”

विनता हसली नाही. तिने पिशवीतून संगणक काढला आणि तिथेच पडवीत आकडे उघडले. नव्याने उघडलेल्या घरांत उपकरणं सुरू होण्याच्या वेळा थोड्या थोड्या पुढेमागे होत्या, त्यामुळे इतके दिवस संशय आला नव्हता. आता तिने त्या वेळा सरकवून एकावर एक ठेवल्या, आणि सगळं उघडं पडलं. तोच मिक्सर, तेच दूध, तेच धुलाईयंत्र, एका गुरुवारी सगळ्या घरांत तोच पंखा दिवसभर चालू, बहुधा त्या दिवशी कुठल्याशा पोराला ताप आला असेल. कंपनीने कुठल्यातरी शहरातल्या एका कुटुंबाची वीज टिपली होती आणि तीच पेट्यांत भरून सगळीकडे विकली होती. अख्ख्या वेळशेत तालुक्यात परतलेलं असं एकच कुटुंब होतं, आणि तेही तिथे नव्हतं. त्या कुटुंबावर विनताने निबंध लिहिला होता.

मग तिने काकांचं घर शोधलं. त्यापुढे लिहिलं होतं, ‘बंद’.

“काका, तुमच्या मीटरला काय झालं?”

“तोडल्यानी. नवो मीटर धावता घोड्यासारखो, मी कशाक पैसे भरू? तुमच्या घरातसून वायर घेतलंय. तुमका काय, हयसर कोण रवता?”

म्हणजे काकांचा एक दिवा आणि एक पंखा त्या खोट्या कुटुंबाच्या खात्यात जमा होत होता, आणि वाडीतला एकुलता एक जिवंत माणूस गणनेत नव्हताच. तिने हे सांगितलं तेव्हा काका स्टुलावरचा पाय खाली घेऊन तिच्याकडे वळले.

“म्हणजे त्या तुझ्या पेपरात मी नाय?”

“नाही.”

“तुका तर म्हायत होता मी हय आसंय ता.”

तिला लाज वाटली, आणि लाज वाटायला लावली म्हणून काकांचा रागही आला. या माणसाने स्वतः पेट्या लावल्या, वायर चोरली, आणि आता तोंड वर करून हिशेब विचारतोय. पण त्या पायाचा वास अजून तिच्या हाताला येत होता.

“माका पाय कापूचो नाय गो,” काका एकदम हळू आवाजात म्हणाले. “ती सिस्टर येय होती तेवा बरो होत इलो होतो. तू लिव, चुकला म्हणान. गाडी परत येवंदे.”

“लिहिते काका. पुण्याला गेल्यावर लगेच लिहिते,” ती म्हणाली, आणि त्या क्षणी ती खरंच तसं म्हणत होती.

पुण्यात गोरक्षकरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग चहात बिस्किट बुडवलं.

“हे बघ, आकडे खोटे नाहीत. ते अधिकृत आहेत. समाजशास्त्र अधिकृत आकड्यांवर चालतं, तुझ्या काकांच्या अंगठ्यावर नाही.”

“पण सर, तिथे माणसंच नाहीत.”

“ते मोजणाऱ्या खात्याने बघावं. आपण फक्त अर्थ लावला. आणि सुंदर लावला.” त्यांनी बिस्किट खाल्लं. “तुझी मुलाखत सोमवारी आहे ना?”

संध्याकाळी निनादचा फोन. त्याला काकांकडून कुणकुण लागली होती. “ताई, तू तोंड उघडलंस तर सगळ्यांच्या पेट्या पकडल्या जातील. अख्खी वाडी पर्यटनवाल्यांच्या घशात जाईल. लोक मला नालासोपाऱ्यात येऊन मारतील. आणि बाबांच्या घराचं काय?”

“आणि काकांचं काय?”

“त्यांच्यासाठी पण पेटी मिळते की,” निनाद म्हणाला. “‘एकटे ज्येष्ठ’ म्हणून वेगळी येते. ती लावली की मशीनला म्हातारा दिसेल, गाडी सुरू होईल. तुझा पेपर पण राहील, घर पण राहील. कशाला उगाच घोळ घालतेस?”

विनताने रात्रभर विचार केला असं मी म्हणणार नाही. तिने जेमतेम चहा होईपर्यंत विचार केला. सगळ्यांचंच भलं होत होतं! खोटं असलं तरी ते एका खऱ्या माणसाबद्दलचं खोटं होतं, असं तिने स्वतःला बजावलं, आणि हे वाक्य तिला इतकं आवडलं की पुढच्या निबंधात कुठे वापरता येईल का, हेही मनात येऊन गेलं. तिने काकांच्या मीटरची थकबाकी भरली. पेटी कुरिअरने वेळशेतला गेली.

“म्हणजे मी जित्तो आसंय ह्या दाखवूक माका पेटी होयी?” काका फोनवर म्हणाले. “आणि तू लिवणार होतंस त्याचा काय झाला?”

“हे लवकर होईल काका. लिहिण्यात महिने जातात.”

“बरा,” काका म्हणाले, आणि फोन ठेवला. त्यांनी शिवी दिली नाही हे तिला जास्त लागलं.

पेटीने आपलं काम चोख केलं. गणनेत पाताडेवाडीत एक एकटा ज्येष्ठ उगवला. गाडी पुन्हा सुरू झाली. पण पेटीत ज्या कुठल्या आजोबांची वीज भरली होती, ते मोठे टापटिपीचे गृहस्थ निघाले. पहाटे उठणार, वेळेवर आंघोळ, स्वतःचा स्वयंपाक स्वतः, दुपारी टीव्ही, संध्याकाळी देवापुढे दिवा. यंत्राने निष्कर्ष काढला, ‘स्वावलंबी’. स्वावलंबी ज्येष्ठांकडे गाडी महिन्यातून एकदा जाई. जखम झालेल्या अंगठ्याचा विद्युत-ठसा नसतो.

हे विनताला कळलं होतं. अगदी नीट कळलं होतं, ते कळण्यासाठीच तिला पगार मिळायचा. महिन्यातून एकदा तर एकदा, काहीच नसण्यापेक्षा बरं, असं म्हणून तिने विषय मिटवला. मधल्या काळात सोमवारची मुलाखत नुसती नावाला झाली होती. तिला कायम जागा मिळाली, गोरक्षकरांनी पेढे वाटले, आणि त्यातही पहिला पेढा स्वतः घेतला.

सुरुवातीला ती काकांना रोज फोन करायची. काका फुगून बसले होते, चारदा वाजवल्यावर एकदा उचलायचे आणि “जित्तो आसंय” एवढंच म्हणून ठेवून द्यायचे. मग तिने एक सोय करून घेतली. वीज कंपनीचं ॲप होतं, त्यात काकांच्या घराचा क्रमांक घालून ठेवला. सकाळी चहा घेताना बघायचं. गीझर चालू झाला, म्हणजे काका उठले. शेगडी चालू, म्हणजे पेज टाकली. दिवा लागला, ठीक आहे. ती पेटी तिने स्वतःच विकत घेतली होती हे तिला माहीत होतं, नव्हतं असं नाही. पण रोज सकाळी हिरवी खूण बघितली की माणसाला बरं वाटतं, आणि बरं वाटलं की माणूस खोलात जात नाही. फोन दोन दिवसांनी होऊ लागला, मग आठवड्याने.

त्या आठवड्यात तिने तीनदा फोन केला. काकांनी उचलला नाही. राग धरून बसलेत, ती मनात म्हणाली. तिने ॲप उघडलं. गीझर चालू होता, शेगडी चालू होती, दिवा लागला होता. तिने ॲप बंद केलं आणि ती कामाला लागली.

कदम सिस्टर महिन्याच्या फेरीला गेल्या तेव्हा दार आतून बंद होतं. खालच्या वाडीतल्या दोघांना बोलावून त्यांनी ते तोडलं. फोनवर त्या रडत होत्या आणि चिडलेल्याही होत्या. “पायाचं विष अंगात भिनलं हो. चार-पाच दिवस झाले असतील. मला मशीन सांगत होतं की पेशंट छान आहे, स्वतःचं सगळं करतो. तुम्ही कोणी फोनसुद्धा करत नव्हता का?”

विनता पोचली तेव्हा काकांना पडवीत ठेवलं होतं. ती सरळ आतल्या खोलीत गेली. कोपऱ्यात पेटी होती. तिने तिच्यावर हात ठेवला तर ती चांगली गरम होती. सकाळी सातचा सुमार होता, आणि मीटरच्या लेखी दाजीकाका आंघोळ करत होते. विनता तिथेच जमिनीवर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

तेराव्याला मात्र सगळी वाडी लोटली. काका जिवंत असताना ज्यांनी अंगठा बघितला नव्हता ते गाड्या करून मुंबईहून, ठाण्याहून आले. कुलपं निघाली, पंखे फिरले, फ्रिज लागले, घराघरांत मिक्सर गरगरले. मागल्या दारी मोठ्या चुलाणावर काळ्या वाटाण्याचं सांबारं रटरटत होतं आणि बायका वडे थापत होत्या. पाताडेवाडीत किती दिवसांनी खरी वर्दळ झाली. लहान पोरंही होती आणि ती पाळणाघराच्या घसरगुंडीवरून शेळ्यांना हुसकत होती. पुरुषमंडळी एकमेकांना हळूच विचारत होती की आता काकांच्या मागे पेट्यांकडे कोण बघणार.

निनाद तिला बाजूला घेऊन म्हणाला, “ताई, काकांची पेटी काढू नकोस हां. घर बंद दिसेल. आणखी दोन वर्षं काका राहू देत.”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. गोरक्षकर होते.

“विनता, वेळशेतच्या आकड्यांत कालपासून घाण आलीय. एका वाडीत एकदम ढीगभर माणसं दिसतायत, कुठल्याच साच्यात बसत नाहीत. यंत्राने बिघाड म्हणून बाजूला काढलीयत. तू आज साफ करून टाक, उद्या मंत्रालयात सादरीकरण आहे माझं.”

“बिघाड नाही सर, माणसं आहेत. तेराव्याला आलीत. माझे काका गेले.”

“अरेरे. वाईट झालं.” मध्ये थोडा वेळ गेला, माणुसकीला लागतो तेवढाच. “मग उद्यापर्यंत जातील ना ती?”

“जातील.”

“मग प्रश्न नाही. आकडे परत सुरळीत होतील.”

फोन कानाला तसाच धरून विनता आत गेली आणि तिने काकांची पेटी सॉकेटातून उपटली. निनाद “ताई, ताई” करत मागे धावला. ती अंगण ओलांडून स्वतःच्या घरात शिरली आणि तिथलीही उपटली. बापाच्या घराचं काय होणार ते तिला माहीत होतं, आणि नोकरीचं काय होणार तेही. काकांची राख झाल्यावर हिला खऱ्याची आठवण झाली, असं म्हणून हिणवणारे पुढे पुष्कळ निघाले, आणि त्यांचं चुकलं नाही.

“सर, निबंध चुकीचा आहे असं मी आज नियतकालिकाला कळवतेय. पेट्यांचं सगळं लिहिणार आहे. पहिलं खोटं घर माझं, तेही लिहिणार आहे.”

“वेड लागलंय का तुला?” गोरक्षकरांचा आवाज चिरकला. “एका म्हाताऱ्यासाठी? अगं, एक माणूस इकडचा तिकडे झाला तर आकड्याला काय फरक पडतो?”

“या वाडीत तो एकच माणूस राहत होता, सर,” विनता म्हणाली. “पाताडेवाडीची लोकसंख्या आता शून्य आहे. हा आकडा मी स्वतः इथे येऊन मोजलाय.”